पहिल्या उडीचा टॉवेल

प्रिय भिंगरी,

काल मी तरंगले. परत वाच, चुकून लिहिलेलं नाही. मी, तुझी आजी, जी रस्त्यातल्या डबक्यालाही लांबून वळसा घालते, ती काल पाठीवर पडून पाण्यावर तरंगले. डोळे छताकडे, कानात पाणी आणि तळाला पाय न लावता. किती वेळ ते विचारू नकोस, कारण मी मोजत नव्हते, ओरडत होते. ओरडले तशी बुडाले, वर आले तशी पुन्हा ओरडले, आणि नाकातलं पाणी शिंकरता शिंकरता हसत सुटले. घरी येऊन तुझ्या आजोबांना सांगितलं तर ते तोंडापुढचा पेपर न हलवता म्हणाले, या वयात पाण्यात? म्हटलं, पाणी कुठे वय विचारतं. तेव्हा कुठे पेपर खाली आला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याने त्यांचा पेपर खाली आल्याचं मला तरी आठवत नाही.

तुला वाटेल, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन नाही का. पण फोनवर तू हल्ली "हं" म्हणतेस, मग "बरं" म्हणतेस आणि मग "आईला देते" म्हणतेस. तेवढ्यात माझं भागत नाही. पत्राला "आईला देते" म्हणता येत नाही, हे एक बरं आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर कोणी फुंकर मारावी तसं आहे, पण तू लावशील. कुठे शाई पसरलेली दिसली तर आजी रडली असं समजू नकोस. मी हे पोहण्याच्या तलावावरच्या, टॉवेल द्यायच्या माझ्या खिडकीत बसून लिहितेय, आणि इथे हातात येणारी प्रत्येक वस्तू ओली असते, माणसांसकट.

तुझी आई परवा म्हणाली, भिंगरी या सुट्टीत यायचं नाही म्हणतेय, अभ्यास आहे. तुमची बदली होऊन तुम्ही इथून गेलात त्यानंतरची ही पहिली सुट्टी, आणि तुला अभ्यास आहे. तुझी आई हे सांगताना इतकी खूश होती की मी काही बोलले नाही. ती लहानपणापासून भोळी आहे, तिला शेजारच्या मांजरानेही फसवलंय. मी मात्र फोन ठेवला आणि स्वतःशी म्हटलं, ही पोरगी येत नाही म्हणजे काय? ही आलीच पाहिजे. का आली पाहिजे ते सांगते, पण मला मुद्द्यावर सरळ चालत जाता येत नाही हे तुला ठाऊक आहे. वाटेत चार माणसं भेटतात.

तर आधी मला तरंगायला कोणी शिकवलं ते विचार. पोहायला शिकवणाऱ्या सरांनी नाही. सरांची शिट्टी वाजली की मला कोरड्या जमिनीवर घाम फुटतो. मला शिकवलं घड्याळजीच्या मुलीने.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. उचल. मी रागावणार नाहीये. आज मी इतकी खुशीत आहे की मघाशी एका माणसाने टॉवेल घरीच विसरलो म्हटलं तर त्याला दोन दिले.

ती तशीच आहे. काटकुळी, कमी बोलणारी, अर्ध्या वाक्यावर थांबून समोरच्याकडे बघत राहणारी, म्हणजे बाकीचं तुम्ही पूर्ण करा. तुमची जोडी मला नेहमी गमतीची वाटायची. माझ्या खिडकीखालच्या पायरीवर ओले केस घेऊन बसायचात, बिस्किटाचा पुडा मध्ये, तू दोघींच्या वाटचं बोलायचीस आणि ती दोघींच्या वाटची बिस्किटं खायची. आणि तुझ्या पहिल्या उडीचा टॉवेल कोणी धरला होता? तिनेच. उंच फळीवरून जो पहिल्यांदा उडी मारेल त्याच्यासाठी मी कपाटातला एक कोरा टॉवेल काढते, गरम पाण्याच्या नळीवर टाकून उबदार करते, आणि उडी मारणारा सांगेल ते माणूस तो घेऊन काठावर उभं राहतं. ही पद्धत या तलावाची, कोणी सुरू केली देव जाणे, मी आले तेव्हाही होती. दुसऱ्या दिवशी तो टॉवेल दोघांनी मिळून धुवायचा आणि परत आणून द्यायचा. तुम्ही दोघींनी तो माझ्याच मोरीत धुतलात आणि अर्धी पिशवी साबण संपवलात. आजोबा घसरले होते, ते अजून सांगतात.

थांब, पाणीवाला हाक मारतोय. आले. काही नाही, पाण्यात औषध टाकायचा त्याचा मग हरवलाय म्हणे, आणि तो त्याच्याच हातात होता.

कुठे होते? हां. तर तुमच्या इथल्या शेवटच्या उन्हाळ्यात घड्याळजीची मुलगी उंच फळीवर चढली, टोकापर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि मग परत फिरून शिडीने रडत खाली उतरली. एवढंच झालं. अशी किती जणं उतरतात. सरसुद्धा लहानपणी उतरले होते, त्यांच्या आईनेच मला सांगितलंय. पण कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो कोणाकोणाला गेला, वाटेत त्याला कोंबडीचा आवाज चिकटला, ती एकेक पायरी उतरतेय आणि मागे पक्‌पक्‌ पक्‌पक्‌. रात्र उलटायच्या आत शाळेतल्या सगळ्यांकडे पोचला. दुसऱ्या दिवसापासून ती कोंबडी झाली, म्हणजे पोरांच्या भाषेत भित्री. वर्गात कोंबडी, रस्त्यात कोंबडी, फोन उघडला की कोंबडी. ती तलावावर यायची बंद झाली. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात, सामान बांधायच्या गडबडीत तू तिला भेटायला गेली नाहीस, आणि मीही तुला जा म्हटलं नाही.

मग एके दिवशी घड्याळजी माझ्या खिडकीशी आला. तिच्या खणाचा बिल्ला परत करायला. बिल्ला ठेवला, आणि जायच्या ऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. आपलं ते घड्याळ, जे नेहमी पुढे पळतं आणि ज्याच्यामुळे पोरं दहा मिनिटं आधी बाहेर हाकलली जातात. त्याला राहवेना. म्हणाला, स्टूल आहे का? स्टुलावर चढला, घड्याळ उतरवलं, माझ्याच काउंटरवर उघडलं, आणि त्याच्या पोटात बोटं घालून बसल्यावर बोलायला लागला. त्या माणसाला हातात काही उघडलेलं असल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणाला, मुलगी दुकानात मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसते. दुकानावरून पोरं जातात, त्यातलं एखादं पक्‌पक्‌ करतं, आणि तिच्या हातातला चिमटा पडतो. मग मला विचारलं, टॉवेलआजी, तो व्हिडिओ असतो कुठे? पत्ता मिळाला तर मी जाऊन काढून आणतो. काय पैसे लागतील ते देतो.

मला तरी कुठे माहीत, तो असतो कुठे. म्हटलं, तो एका जागी नसतो, सगळ्यांच्या खिशात थोडाथोडा असतो. त्याने एक चाक उचलून जागेवर बसवलं. मग म्हणाला, घड्याळ कितीही बिघडलेलं असू दे, मी ते उघडून बघतो. हे उघडायचं कुठून तेच कळत नाही. घड्याळ भिंतीवर लावून गेला. तेव्हापासून ते बरोबर चालतं, आणि पोरांना दहा मिनिटं जास्त पोहायला मिळतं. कोणामुळे ते एकालाही ठाऊक नव्हतं. आता आहे, कारण मी प्रत्येकाला बिल्ला देताना सांगत सुटले.

पुढे त्या व्हिडिओवरून एक सभा भरली. वरच्या हॉलमध्ये, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात. मला चहा द्यायला बोलावलं होतं, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. तलावाचे साहेब म्हणाले, आमच्याकडे फोनला बंदी आहे, तशी पाटी आहे, आणखी काय करायचं आम्ही? मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, शाळा सुटल्यावरचं शाळेच्या माथी कसं मारता? आईवडील म्हणाले, शाळेनेच गृहपाठ फोनवर धाडायला सुरुवात केली, नाहीतर आम्ही पोरांच्या हातात फोन दिला असता का? एक वडील म्हणाले, खरा दोष फोन बनवणाऱ्यांचा. ते काही सभेला आलेले नव्हते, त्यामुळे हे सगळ्यांना एकदम पटलं. सर म्हणाले, मी नुसतं म्हटलं, जमत नसेल तर उतर खाली. पोरांपैकी एक म्हणाला, मी नुसता हसलो. एक म्हणाली, मला आला म्हणून मी नुसता पुढे पाठवला. तो लंबू आहे ना, ज्याला सगळे उंट म्हणतात, तो म्हणाला, मी नुसतं पक्‌पक्‌ केलं, व्हिडिओशी माझा काही संबंध नाही.

मी कपबशा गोळा करत होते आणि मला आपल्या धंद्यातलंच आठवत होतं. एखादा ओला टॉवेल कोणालाच नको असतो. हा त्याच्या खांद्यावर टाकतो, तो हिच्या हातात देतो, ती बाकावर फेकते, आणि सगळीकडे पाणी ठिबकत राहतं. शेवटी तो कुठे येतो? माझ्या खिडकीत. सगळे ओले टॉवेल शेवटी माझ्याकडेच येतात. त्या दिवशीही मला वाटलं, आता हा कोणीतरी पिळायला घ्यायला हवा. म्हणून मी ट्रे खाली ठेवला आणि उठून एक वाक्य बोलले. काय बोलले ते पुढे सांगते. आधी तरंगायचं संपवू दे, नाहीतर आनंद गार होईल.

सभेनंतर मी माझं मनगटी घड्याळ घेऊन घड्याळजीच्या दुकानात गेले. घड्याळाला काही झालं नव्हतं. त्याने ते कानाला लावलं, माझ्याकडे बघितलं आणि मला मागच्या बाजूला पाठवलं. ती खरंच भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हटलं, मला पोहायला शिकव. ती भिंतीशीच म्हणाली, सरांना सांगा. म्हटलं, सरांना कसली भीती वाटत नाही, त्यांना माझं काय कळणार. मला पाण्याची इतकी भीती वाटते की तिथे इतकी वर्षं नोकरी करून मी कधी अंगठासुद्धा बुडवला नाही. ती म्हणाली, मी कोंबडी आहे, तुम्हाला माहीत नाही का? म्हटलं, मग मी म्हातारी कोंबडी, चल. तेव्हा ती वळली. हसली नाही, पण वळली.

सकाळी सर यायच्या आधी आम्ही उथळ भागात उतरायचो, जिथे बालवाडीतली पोरं डुंबतात. पाणी माझ्या कमरेला. मी दोन्ही हातांनी काठ धरलेला, आणि ती म्हणायची, आजी, काठ पळून जाणार नाहीये, सोडा. अशी बोलते बरं का ती, पाण्यात असली की. तिचा एक हात माझ्या पाठीखाली असायचा. म्हणायची, मी हात काढणार आहे. मी म्हणायची, काढू नकोस. ती म्हणायची, आधी सांगून काढेन, फसवून काढणार नाही. आणि खरंच, प्रत्येक वेळी आधी सांगायची. असा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर मी तिसरीच्या पुढे गेले असते.

ती पोहायची टोपी मात्र काय प्रकार असतो गं. ती घातल्यावर मी सोललेल्या कांद्यासारखी दिसते. एका सकाळी पोरं लवकर आली आणि त्यांनी मला त्या अवतारात पाहिलं. जे हसली, जे हसली, उंटाने तर काठावर बसूनच घेतलं. मीही हसले. हसता हसता पाय सटकला, तशी त्यातल्याच दोघांनी उड्या टाकून मला काखेत धरून उभं केलं. मी घरी आले तेव्हा ते हसणं माझ्या मागे आलं नाही, तिथेच राहिलं. तेव्हा मला कळलं, हिच्याबाबतीत काय वेगळं झालं ते. हिच्यावरचं हसणं हिच्याबरोबर घरी गेलं, ताटाशी बसलं, उशीखाली शिरलं. आणि हसणाऱ्यांना हिचं तोंड दिसत नव्हतं. दिसलं असतं तर पोरं काही वाईट नाहीत, निम्म्यांचं हसू तिथल्या तिथे थांबलं असतं. माझ्या हातून रोज बिल्ले घेतात ती पोरं, मला माहीत आहेत.

त्याच दिवशी उंट माझ्याकडे ठेवलेला फोन परत घ्यायला आला आणि घेऊनही खिडकीशी घुटमळत राहिला. म्हणाला, टॉवेलआजी, मी नुसतं पक्‌पक्‌ केलं होतं. म्हटलं, हो रे बाबा, प्रत्येकाने नुसतंच काहीतरी केलं. एवढी सगळी नुसती नुसती तिने एकटीने उचलली. तो मान खाली घालून आत परत गेला. ती काठावर पाय सोडून बसली होती. हा तिच्यासमोर उभा राहून म्हणतो काय, मी उंट. म्हणजे मला सगळे उंट म्हणतात. ती म्हणाली, माहीत आहे, वर्गात तू माझ्या पुढे बसतोस, मला फळा दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या बाकावर जाऊन बसला. माफीबिफी काही मागितली नाही त्याने, पण तिला आता फळा दिसतो. मग आणखी दोघं-तिघं येऊन काहीबाही बोलून गेली. एकीने तिच्यासमोर फोनमधून तो व्हिडिओ काढून टाकला आणि कोणाकोणाला पाठवला होता त्यांना काढा म्हणून कळवत बसली. सगळीकडून तो जायचा नाही, हे मला पाणीवाल्याने समजावलंय. पण ज्याने त्याने आपल्या खिशातला तरी काढावा.

आता माझं ते सभेतलं वाक्य. मी उठून म्हटलं, फोन माझ्या खिडकीतून आत गेला, आणि मी तो जाऊ दिला.

तुला आठवतंच असेल. मी जन्मभर त्या खिडकीत बसले, उड्या फक्त ऐकल्या. धप्प आवाज आला की पोटावर पडला, सुळ्ळ आला की सरळ गेला, एवढं माझं ज्ञान. तुझी पहिली उडीसुद्धा मी भिंतीतून ऐकली. म्हणून ती फळीवर चढली त्या दिवशी मीच तुला म्हटलं, भिंगरी, आज मला तुझ्या उडीचा एक फोटो काढून आण. तू म्हणालीस, फोन तर इथे ठेवायचा असतो. मीच तो टॉवेलाच्या घडीत सरकवून तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, जा, सरांना दिसू देऊ नकोस. बाकी सगळ्यांचे फोन माझ्यासमोर खणांत पडून गुरगुरत होते, कोणीतरी पिल्लं ठेवून गेल्यासारखे. आत एकच होता. त्यामुळे मला कोणाला काही विचारावं लागलं नाही, बाळा. मला त्या दिवसापासून माहीत आहे. तो फोटो काही मला मिळाला नाही. मी मागितला नाही आणि तू दाखवला नाहीस.

साहेबांनी विचारलं, फोन कोणाचा? म्हटलं, ज्याचा त्याने सांगावं, मी माझं सांगितलं. मला छापील ताकीद मिळाली. माझ्या नावाचं पहिलंच छापील पत्र, तुझ्या आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. तर नियम मोडला मी, फोन दिला मी, तो वाटा माझा, तो मी तुझ्या अंगावर ढकलणार नाही. पण मी फोटो मागितला होता तुझा. तिचा नव्हे. तुझ्या फोनमधून तो व्हिडिओ निघाला तेव्हा त्यात कोंबडी होती की नंतर कोणी घातली, तू कोणाला पाठवलास, हसलीस का घाबरलीस, यातलं मला काही ठाऊक नाही आणि हा वाटा मला उचलताही येत नाही. तो तुझ्या हातात आहे आणि अजून ठिबकतोय. म्हणून तुला अभ्यास आहे. बरोबर ना?

आणि हे बघ, मी हे सगळं दुःखाने लिहीत नाहीये. दुःख असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, गप्प बसले असते, तुम्ही गेलात त्या वेळेसारखी. मी लिहितेय ते काल पाण्यात जे झालं त्यामुळे. मी तरंगत होते, तिने सांगून हात काढला होता, आणि ती एकदम म्हणाली, आजी, भिंगरी सुट्टीत येणार का? म्हटलं, अभ्यास आहे म्हणे. ती म्हणाली, फळीवरून सगळं दिसतं, आजी. कोण कुठे उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे. तिथेच मी पहिल्यांदा बुडाले. वर आल्यावर विचारलं, मग एवढे दिवस कोणाला बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले असते तर सगळे तिच्या मागे लागले असते. ते कसं असतं ते मला माहीत आहे. मग तिने मला पुन्हा पाठीवर झोपवलं आणि म्हणाली, सुट्टीच्या पहिल्या रविवारी मी वर चढणार आहे. भिंगरीला टॉवेल धरायला सांगा. मी माफ केलंय असं नाही, कदाचित तिच्यावर ओरडेनसुद्धा. पण तिने मला उतरताना बघितलंय, तर या वेळीही तिनेच बघायचं. मी विचारलं, उडी मारणार ना? तिने नेहमीसारखं अर्धं वाक्य केलं, माहीत नाही, उतरले तर… आणि माझ्याकडे बघत राहिली. ते मी पूर्ण केलं. म्हटलं, उतरलीस तर टॉवेल शिडीखाली धरायचा. आजवर तो फक्त उडी मारणाऱ्यालाच मिळायचा, आता उतरणाऱ्यालाही मिळेल, टॉवेल माझे आहेत. यावर ती हसली, भिंगरी. अख्खी हसली, आणि मी दुसऱ्यांदा बुडाले. तर अभ्यासाची पुस्तकं बरोबर आण, आजोबा प्रश्न विचारतील. पायरीवर बिस्किटं ठेवते. फोन आल्या आल्या माझ्याकडे द्यायचा, तुझा खण रिकामा करून बिल्ला वर काढून ठेवलाय. फोटो मला नको, त्या दिवशी पाणीवाला खिडकीत बसणार आहे आणि मी स्वतः काठावर येऊन बघणार आहे. कपाटातला कोरा टॉवेल काढलाय, रविवारी सकाळी नळीवर टाकते. तो कोणी धरायचा, तेवढंच आता तुझ्यावर आहे.

तुझीच, आता पाण्यातलीही,
टॉवेलआजी